विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या ड्राइव्हवरचे फोटो उघडताना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतंय. काय करू?

घाबरू नका, फोटो बहुधा शाबूत आहेत. विंडोज फाइलचा मालक नावाने नाही, खात्याच्या अंतर्गत क्रमांकाने ओळखतं. तेच नाव पुन्हा ठेवलंत तरी क्रमांक नवा, म्हणून तुम्ही परके ठरता.

अ‍ॅडमिन खात्यातून त्या फोल्डरवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड. ओनरसमोरचं ‘चेंज’ दाबून आपलं खातं निवडा आणि आतल्या सबफोल्डरांसाठीच्या चौकटीत टिक करा. मग स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. फक्त त्याच फोल्डरवर हं, अख्ख्या सी ड्राइव्हवर कधीच नको!

फाइलवर छोटं कुलूप दिसत असेल तर मात्र ती एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेली आहे. तिथे मालकी बदलून भागत नाही, जुन्या खात्याचं सर्टिफिकेट आणि ‘की’ (ती फाइल उघडणारी डिजिटल किल्ली) लागते. तोवर जुना ड्राइव्ह कृपया फॉरमॅट करू नका.