सिकंदरबागेतील हाडे आणि बिआटोचा कॅमेरा

प्रश्न : फेलिचे बिआटो याने काढलेल्या लखनौच्या सिकंदरबागेच्या छायाचित्रात पडक्या इमारतीपुढे मानवी हाडे विखुरलेली दिसतात. हे छायाचित्र लढाईनंतर लगेच घेतलेले आहे का, आणि १८५७च्या उठावाचा पुरावा म्हणून त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : लगेच घेतलेले नाही. सर कॉलिन कॅम्बेल यांच्या फौजेने सिकंदरबाग १६ नोव्हेंबर १८५७ रोजी काबीज केली, तेव्हा आत कोंडले गेलेले सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. बिआटो कलकत्त्यास उतरला तो १८५८च्या फेब्रुवारीत, आणि लखनौला पोचला ते मार्चमध्ये शहर इंग्रजांच्या हाती आल्यावर. त्या काळी अवधमध्ये अधिकारी असलेल्या सर जॉर्ज कॅम्बेल यांनी (हे सेनापती नव्हेत) आठवणींत लिहिले आहे की, प्रेतांवर माती लोटलेली होती, पण बिआटोने आग्रहाने ती छायाचित्रासाठी उघडी करून घेतली.

यात तंत्राचाही भाग होता. काचेच्या प्लेटवर रसायन चढवून ती ओली असेतोच चित्र टिपावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे, त्यामुळे धावती लढाई टिपणे अशक्यच होते. भग्न वास्तू आणि हाडे मात्र हलत नाहीत. चित्रातील घोडा आणि त्याच्या आसपासची हिंदी माणसेही नीट पाहावीत : ती सहज तेथे आलेली नाहीत, त्यांना उभे केलेले आहे. म्हणून हत्याकांड झाले याबद्दल शंका नसली तरी, हे चित्र नोव्हेंबरातील लढाईपेक्षा मार्चनंतरच्या जेत्याच्या नजरेचा पुरावा अधिक ठरते. मथळ्यातही दोन हजार बंडखोरांच्या कत्तलीचा उल्लेख आहे, तोही ती करणाऱ्या पलटणींच्या नावांसह. माझ्या मते त्यात संकोचापेक्षा अभिमानच जास्त आहे.

भग्नावशेषांची निवडही याच नजरेने झाली. इंग्रजांनी वेढा सोसलेली रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीच्या निवासाची वास्तू, मुद्दाम पडक्या अवस्थेत जपली गेली आणि तिच्यावर युनियन जॅक १९४७पर्यंत रात्रंदिवस फडकत होता. जुन्या शहराचे मोठाले भाग मात्र रुंद रस्त्यांसाठी आणि लष्करी सोयीसाठी पाडून टाकले गेले. सिकंदरबागेत लढून पडलेल्या उदादेवी पासी यांचे छायाचित्र कोणी काढले नाही. त्यांची आठवण पासी समाजाने तोंडी परंपरेत सांभाळली, आणि आज बागेजवळच्या चौकात त्यांचा पुतळा उभा आहे.