नेटवर्क सारखं बदलत असेल तर मॉनिटरिंग आणि लॉग साठवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

मॉनिटरिंगला झॅबिक्स घ्या, प्रोमेथियस घ्या, लॉगला, म्हणजे यंत्रं स्वतः लिहितात त्या नोंदींना, आरसिसलॉग पुरेसं आहे. सॉफ्टवेअरपायी कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळायचो. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट गेली आणि शॉप फ्लोअरचा स्विच, म्हणजे मशिनं नेटवर्कला जोडणारा डबा, उडाला. व्हेंडरने नवा बसवला. नेटवर्कवरचे पत्ते डीएचसीपी ही सेवाच आपोआप वाटायची, त्यामुळे नव्याला वेगळा पत्ता मिळाला आणि जुना गेला एका प्रिंटरला. आमचं मॉनिटरिंग जुन्याच पत्त्याला पिंग करायचं, म्हणजे कुणी आहे का एवढंच विचारायचं; प्रिंटर इमानदारीत उत्तर द्यायचा. अकरा दिवस स्क्रीनवर हिरवा ठिपका! नव्या स्विचमध्ये लॉग सर्व्हरचा पत्ता कुणी टाकलाच नव्हता.

मग एका रात्री सीएनसी मशिनं नेटवर्कवरून गेली. ऑपरेटरने स्विचचा प्लग काढून परत लावला, त्याबरोबर स्विचच्या मेमरीतला लॉगही पुसला गेला. हाती उरली कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमधली एक ओळ, ‘नेटवर्क तुटलं, 8:40’. 8:40 म्हणजे सेकंड शिफ्ट, म्हणून त्या शिफ्टच्या पोराला बोलावून सगळ्यांसमोर झापलं. डीव्हीआरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. खरी वेळ रात्री 2:10, तेव्हा तो घरी झोपला होता.

लॉग सर्व्हरसाठी मी वर्षभर आणखी एक डिस्क मागत होतो. साहेब म्हणायचे, “लॉग वाचतं कोण? नुसती जागा खातात.” त्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनीच मला विचारलं, “लॉग कुठेत?”

म्हणून सांगतो, नुसत्या पिंगवर विसंबू नका. एसएनएमपीने, म्हणजे डिव्हाइसकडून त्याची माहिती घ्यायच्या प्रोटोकॉलने, नाव आणि सिरियल नंबर विचारा, बदलला की अलर्ट. एखाद्या डिव्हाइसचा लॉग तासभर आला नाही, तरी अलर्ट. सिसलॉग (डिव्हाइसने लॉग पाठवायची नेहमीची पद्धत) यूडीपीने, पोर्ट 514 वरून पाठवलात तर पोचपावती नसते, हरवलेलं कळतही नाही. पोचपावती घेणारं टीसीपी वापरा आणि पाठवणाऱ्याकडे डिस्कवर क्यू, म्हणजे न पोचलेल्या ओळींची रांग, ठेवा. सगळी घड्याळं एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला, जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांना 180 दिवसांचे लॉग ठेवावेच लागतात, तेव्हा डिस्क ही चैन नाही.

जुने स्विच फक्त यूडीपीच बोलतात, त्यांच्या शेजारीच एक रिले मशिन ठेवा, ते यूडीपीने घेऊन टीसीपीने पुढे पाठवेल. टीसीपीतही लाइन तुटताना चार ओळी जाऊ शकतात, हेही खरं.

आणि डिस्कला नकार मिळाला तर तो मेलवर घ्या. मी तोंडी ऐकून गप्प बसलो होतो.