पगार विचार, पण काम आधी विचार

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. पुण्याची कंपनी बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कंपनीपेक्षा बराच जास्त पगार देतेय, तरी मन घेत नाही, आणि एमबीएच्या वर्गातल्या मास्लोच्या गरजांच्या त्रिकोणात आपण कुठल्या पायरीवर आहोत ते कळत नाही, असं तू लिहिलंस. पायरी शोधणं आधी सोड. मास्लो या मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली माणसाच्या गरजांचा क्रम मांडला, पोटापाण्यापासून वर चढत जाणारा. त्रिकोण इतरांनी नंतर काढला. एक गरज पुरती भागल्याशिवाय दुसरी जागीच होत नाही, असंही तो म्हणाला नव्हता.

त्यापेक्षा हर्झबर्ग वाच, तोही मानसशास्त्रज्ञच. त्याने अमेरिकेतल्या पिट्सबर्गकडच्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? वैताग होता तो कंपनीच्या धोरणांचा, साहेबाच्या देखरेखीचा, पगाराचा. समाधान होतं ते तडीस नेलेल्या कामाचं, मिळालेल्या दादेचं, जबाबदारीचं. यश आपलं आणि खापर दुसऱ्यावर, असं माणूस बोलणारच, हा त्यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. तरी मी हर्झबर्गलाच धरून आहे, कारण कारखान्यात शॉपवर तेच पाहिलं.

आमच्याकडे व्हॉल्व्ह एकजण जोडायचा, टेस्टिंग दुसरा करायचा. गळती निघाली की भांडण. मी हट्टाने दोन्ही कामं एकाच्या हाती दिली. जोडणाराच पाणी भरून प्रेशर चढवायचा, सांधा कोरड्या फडक्याने पुसून थेंब येतो का बघत उभा राहायचा, मग स्वतःचा नंबर ठोकायचा. पगार तोच. पण सुट्टीचा भोंगा झाला तरी माणूस गेजवरची नजर काढत नसे.

म्हणून सांगतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं असं काम माग. कमी पगारात राहा असं मी म्हणत नाही. हक्काचा पैसा सोडणं हा मूर्खपणा आहे. पण तुझ्या चार ओळींत आकडा तीनदा आला आणि तिथे दिवसभर करायचं काय, हे एकदाही नाही! असं कसं चालेल?

ऑफिसातली बढती मी नाकारली, त्यावरून घरी अजून ऐकावं लागतं. रावपुऱ्यातलं मोठं घर घेता आलं नाही, ही खंत मलाही आहे. पण ती खुर्ची नुसत्या सह्यांची होती. आज विचारलं तरी नाहीच म्हणेन.

पुण्याहून फोन आला की विचार, माझ्या एकटीच्या हातून पुरं होईल असं कुठलं काम द्याल? चूक निघाली तर दुरुस्त मीच करायची ना? काय म्हणतात ते शब्दाला शब्द कळव. मग पगाराचं बोलू.

तुझा,
काका