सध्याचा पगार विचारला तर काय सांगायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं, सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 6 लाख 20 हजार, बरोबरीचे लोक दहा-अकरा घेतायत आणि या आठवड्यात एचआरचा फोन येणार. मित्र म्हणतात, सध्याचा पगार म्हणून साडेआठ लाख ठोकून दे. कॅलिफोर्नियातला मावसभाऊ म्हणतो, आकडा सांगूच नकोस. मी सतरा वर्षं याच क्षेत्रात आहे, त्यातली शेवटची काही टेबलाच्या पलीकडे, मुलाखती घेणाऱ्यांत बसून. माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका.

मावसभाऊ त्याच्या जागी बरोबर आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्यानेच बंदी आहे, आणि उमेदवाराने विचारलं तर जागेची पगाराची रेंज कंपनीला सांगावी लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. इथे फोनवरची मुलगी एक्सेलमध्ये अनुभव, सीटीसी, अपेक्षा, नोटीस पीरियड असे रकाने भरत असते. रकाना रिकामा राहिला की ती पुढच्या नावाकडे वळते. तिच्यावर चिडून उपयोग नाही, तिला अजून ढीगभर फोन करायचे असतात.

आता साडेआठचं. नीती-अनीतीचं तुमचं तुम्ही बघा, मी व्यवहार सांगतो. ऑफरच्या आसपास शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, बरेचदा बँक स्टेटमेंट आणि फॉर्म 16 सुद्धा. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली तर ठरलेल्या फॉर्ममध्ये आधीच्या कंपनीचा पगार लिहून द्यायचा असतो. पीएफचं पासबुक तर सगळंच बोलतं. पूर्ण बेसिकवर पीएफ कापत असतील तर कपातीवरून बेसिक काढायला दोन मिनिटं लागतात. (महिना 1,800 च कापत असतील तर ती पीएफसाठीच्या 15,000 पगाराच्या मर्यादेवरची कपात, त्यातून काही कळत नाही.) आमच्याकडे एका मुलाची ऑफर अशीच मागे घेतली गेली. स्लिपमधल्या दोन आकड्यांचा फॉन्ट वेगळा होता. वाईट याचं वाटलं, की त्याने मागितलेला पगार आमच्या बजेटात बसत होता. खरा आकडा सांगूनही तेवढेच मिळाले असते.

तेव्हा आकडा खराच सांगा, पण आधी तो नीट समजून घ्या. यात लोक सर्रास मार खातात, मीही खाल्लाय. 2011 साली मला फोनवर पगार विचारला आणि मी हातात येणारे 28,000 गुणिले बारा करून 3 लाख 36 हजार सांगून मोकळा झालो. त्यावर 30 टक्के वाढ देऊन 4 लाख 36 हजार 800 ची ऑफर आली. मी खूश, घरी पेढे. रात्री जुनं लेटर काढलं तर माझी तेव्हाची सीटीसी 4 लाख 40 हजार होती! त्यांनी मला फसवलं नव्हतं, मीच माझी किंमत कमी सांगितली होती. ती ऑफर मुकाट्याने सोडली.

म्हणून आज संध्याकाळी तुमच्या लेटरचं ॲनेक्शर, म्हणजे पगाराची फोड दिलेलं पान, काढून बसा. समजा 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) आहे, म्हणजे 62,000 गेले, फिक्स्ड उरलं 5 लाख 58 हजार. बेसिक 40 टक्के असेल तर त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ सुमारे 29,800 आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के सुमारे 11,900, हेही त्यातच धरलेलं असतं. मग तुमचा स्वतःचा पीएफ आणि 200 रुपये प्रोफेशन टॅक्स. हातात येतात महिना चाळीस हजारांच्या आसपास. विचारल्यावर "फिक्स्ड इतकं, व्हेरिएबल इतकं, पुढची वाढ अमुक महिन्यात" असं एका दमात सांगता आलं पाहिजे. वाढ जवळ आली असेल तर ती सांगायला विसरू नका.

आणि आकडा तोंडातून निघाला की लगेच पुढचं वाक्य तुमचंच हवं: "मी फ्रेशर म्हणून लागलो तेव्हापासून याच कंपनीत आहे, त्यामुळे पगार बाजाराच्या मागे राहिलाय. या जागेचं बजेट काय आहे?" बहुतेक वेळा उत्तर येईल, सध्याच्यावर 30 टक्के. म्हणजे 8 लाख 6 हजार. तिथे वाद घालू नका, "टक्क्यांपेक्षा कामाकडे बघून ठरवू, मी साडेदहाची अपेक्षा धरलीय" एवढंच म्हणून गप्प बसा. ती गप्प बसण्याची दहा सेकंदं फार जड जातात. बसा.

खरं सांगू का, टक्क्यांची भिंत सर्वांत लवकर पडते ती हातात दुसरी ऑफर असली की. त्यामुळे एकाच कंपनीवर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी बोलणी चालू ठेवा. ऑटोमेशन येत असेल तर ते रेझ्युमेच्या पहिल्या पाच ओळींत आणा, मॅनेजर तेच शोधत असतो, आणि एचआरशी भांडून टक्के वाढवून आणतो तो मॅनेजरच.

नोटीस 90 दिवसांची असेल तर बायआउट (नोटीस पूर्ण न करता लवकर सुटायचे पैसे) कोण भरणार तेही याच फोनवर विचारा. ऑफर लेटर ईमेलवर आल्यावर फिक्स्डचा आकडा आधी बघा. जॉइनिंग बोनस त्यात मिसळलेला असेल तर तो पहिल्याच वर्षापुरता असतो. राजीनामा त्यानंतर.

ॲनेक्शरमधलं काही कळलं नाही तर नाव-गाव झाकून आकडे इथेच टाका, मी बघतो.