मॉन्ट्रियलला येताय, फ्रेंच किती शिकून यावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले, ते बरंच लांबलं. तुमची नोकरी इंग्रजीतली आहे, पत्नीने पुण्यात स्पॅनिशच्या दोन पातळ्या केल्यात, मुलगी तिसरीत आहे. तर फ्रेंच किती शिकून यावं, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, गुण, परीक्षेची पातळी हे सगळं सरकारी संकेतस्थळावर मिळेल आणि ते बदलतही असतं. त्यात मी शिरत नाही.

ऑफिसात इंग्रजीवर निभावून जाईल. खरा प्रश्न मुलीच्या शाळेचा आहे. मॉन्ट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे, तिथल्या 1977 च्या भाषा-कायद्यामुळे (इथे सगळे त्याला बिल 101 म्हणतात) बाहेरून आलेल्यांची मुलं सरकारी आणि अनुदानित शाळांत फ्रेंचमधूनच शिकतात. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांना काही काळ सूट मिळू शकते. पण इथेच राहायचं मनात असेल तर ती सूट घेऊ नका. आठव्या वर्षी जे सहज येतं, ते अकराव्या वर्षी जड जातं.

नव्या मुलांना आधी ‘आक्यॉय’ म्हणजे स्वागतवर्गात घालतात. तिथे भाषा शिकवतात, मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. माझा मुलगा सांगलीच्या शाळेत गणितात पुढे होता. इथे शाब्दिक उदाहरण आलं की गप्प बसायचा. गणित येत होतं, पण वाक्य कळत नव्हतं, आणि प्रगतिपुस्तकावर मात्र ‘गणितात मागे’ असं आलं. पालकभेटीत त्याच्या बाईंनी सांगितलं, घरी मराठी कमी करा, लवकर सुधारेल. मी घरून चार वाक्यं पाठ करून गेले होते. ऐन वेळी एकही आठवलं नाही. ‘वी, मेर्सी’ (हो, धन्यवाद) म्हटलं आणि बाहेर पडले. ते ‘मेर्सी’ मला अजून सलतं. मला सांगायचं होतं की आमच्या घरात मराठी आहे म्हणूनच या मुलाला दुसरी भाषा पेलते आहे. आज मी ते फ्रेंचमध्ये सांगू शकते, पण त्या बाई आता त्या शाळेत नाहीत.

मराठी आम्ही कमी केली नाही. तरीही आता तो मराठी ऐकतो आणि फ्रेंचमध्ये उत्तर देतो. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, ‘काय म्हणाला गं तो?’ मग मी सांगते. माझी आई आणि माझा मुलगा यांच्यामध्ये मी दुभाषी होऊन बसते, आणि फोन ठेवल्यावर मला कशातच लक्ष लागत नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही. तुम्ही विचारलंही नव्हतं, पण तुमची मुलगी तिसरीत आहे हे वाचून सांगावंसं वाटलं.

आता तुमच्या शिकण्याबद्दल. मोठ्यांसाठी सरकारी वर्ग मोफत असतात. 2023 पासून नोंदणी ‘फ्रान्सिझास्यों क्वेबेक’ या सरकारी सेवेकडून होते. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक कोलंबिया, व्हेनेझुएला, मेक्सिकोची माणसं होती. त्यांना लेखी फ्रेंच पटकन यायचं, कारण शब्द बहिणीबहिणींसारखे. तुमच्या पत्नीलाही वाचताना हा फायदा मिळेल. ऐकताना मात्र नाही. स्पॅनिश जसं लिहितात जवळपास तसंच बोलतात, आपल्यासारखं. फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरं लिहायची आणि गिळायची, शिवाय एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याला जोडायचं: ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’.

मधल्या सुट्टीत या मैत्रिणींकडून मी स्पॅनिशही शिकले, आणि तो मला इथे मिळालेला सगळ्यात मोठा आनंद. ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे ‘मला चहा आवडतो’. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे ‘मला पुस्तकं आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, हे इंग्रजीवाल्यांना समजावून घ्यावं लागतं. मला पहिल्याच दिवशी घरचं वाटलं. फ्रेंचच्या ‘त्यु’ आणि ‘व्हू’मध्येही आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेच. लिंगं तिथे दोनच, आपल्याकडे तीन. फक्त कोणती वस्तू कुठल्या लिंगात, हे नव्याने पाठ करायला लागतं. सत्तरच्या पुढे आकडे चक्रावून टाकतात: सत्त्याहत्तर म्हणजे साठ-सतरा, ऐंशी म्हणजे चार-वीस. पण माझी आजी ‘चार विसा’ मोजायची, त्यामुळे ते चार-वीस मला परकं वाटलं नाही.

पुण्यात शिकाल ते फ्रान्सचं फ्रेंच असेल. शिकाच, पण कान इथल्या बोलीसाठी तयार ठेवा. इथे ‘त्यु’चा उच्चार ‘त्सु’कडे झुकतो आणि ‘मार्दी’चा ‘मार्द्झी’कडे. आपल्या ‘चमचा’तला च आणि ‘जग’मधला ज ज्याला येतो, त्याला हे लवकर जमतं. जेवणांची नावंही सरकतात: ‘देजने’ फ्रान्समध्ये दुपारचं जेवण, इथे सकाळची न्याहारी, ‘दिने’ तिथे रात्रीचं, इथे दुपारचं. रोज क्वेबेकचा रेडिओ लावा, अर्थ लागो न लागो. फोनवर बोलणं सगळ्यात शेवटी जमतं, कारण समोर चेहरा नसतो.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. फेब्रुवारीत जास्त. वर्गाला जात राहा.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. क्वेबेकमध्ये 1981 पासून लग्नानंतर बाईचं कायदेशीर नाव माहेरचंच राहतं. आपल्या बायकांच्या पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव, जन्मदाखल्यावर वडिलांचं. एका कार्यालयात मला विचारलं, या दोन वेगळ्या बायका आहेत का? ते एक नाव सिद्ध करायला मी किती खिडक्यांवर उभी राहिले ते मलाच माहीत, आणि तेही मोडक्या फ्रेंचमध्ये. तेव्हा पत्नीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि नाव बदललं असल्यास राजपत्राची प्रत हे सगळं बरोबर आणा. जन्मदाखला जुना, फक्त मराठीत असेल तर निघण्याआधी मराठी-इंग्रजी दोन्हीतला नवा काढून घ्या. इथे प्रमाणित भाषांतराचा खर्च वाचेल.