वजन जास्त असताना रोबोटिक किडनी प्रत्यारोपण करावं का?

भावाचं वजन खूप आहे, डॉक्टर रोबोटिक प्रत्यारोपण सुचवतायत आणि यंत्राच्या हाती माणूस सोपवायचा धीर होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी प्रत्यारोपणाच्या रुग्णांना भूल देते, त्यामुळे दोन्ही पद्धती जवळून बघते.

आधी ती भीती काढून टाका. रोबोट स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन कन्सोलपाशी, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रापाशी, बसून हात हलवतात, तसंच पोटातलं अवजार हलतं. रुग्णापाशी दुसरे सर्जन उभेच असतात.

खरा फरक पडतो तो जखमेत. नेहमीच्या पद्धतीत ओटीपोटाच्या एका बाजूला लांब छेद घेतात. स्थूल माणसात तो चरबीच्या जाड थरातून जातो आणि चिघळू शकतो. त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असतात, म्हणजे चिघळलेली जखम लवकर भरतही नाही. याच भीतीने कित्येक स्थूल रुग्ण डायलिसिसवरच राहिले, आणि याचं मला फार वाईट वाटतं. 2009 साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात रोबोटने प्रत्यारोपण केलं, ते अशाच एका अतिस्थूल रुग्णाचं. रोबोटिक पद्धतीत काही छोटी छिद्रं आणि किडनी आत सरकवण्यापुरता एक छेद पुरतो, तोही बहुधा बेंबीच्या आसपास.

अडचण होती ती उष्णतेची. रक्तवाहिन्या जोडून होईपर्यंत किडनी गार राहायला हवी आणि बंद पोट तर उबदार. तेव्हा अमेरिकेत डेट्रॉइटला असलेले डॉ. मणी मेनन आणि गुरुग्रामच्या मेदांता रुग्णालयातले डॉ. राजेश अहलावत यांच्या पथकांनी यावर पद्धत बसवली: किडनी बर्फाच्या चुऱ्यासह गॉजमध्ये गुंडाळायची आणि पोटातही तिच्याभोवती बर्फ सोडायचा. पद्धत कुठलीही असो, रक्तवाहिन्यांवरचे चिमटे (क्लॅम्प) सोडल्यावर फिकट किडनी गुलाबी होताना बघणं मला अजूनही तितकंच आवडतं.

नवी किडनी मात्र रोबोटमुळे जास्त चांगली चालेल असं समजू नका. कुशल हातांत दोन्हीकडे ती जवळपास सारखीच चालते, आणि औषधं जन्मभर घ्यावीच लागतात.

माझ्या बाजूने सांगायचं तर यात पोटात वायू भरतात आणि डोकं बराच वेळ खाली ठेवतात. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर हे झेपत नाही. पोटावर आधी बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या असतील तरीही विचार करावा लागतो. सर्जनना विचारा: रोबोटने किती प्रत्यारोपणं केलीत, आणि मधेच पोट उघडायची वेळ आली तर तयारी काय असते? अनुभवी पथक असेल तर इतक्या वजनाच्या रुग्णासाठी मी रोबोटिकच सुचवेन. पण त्याआधी ओटीपोटाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन बघायला सांगा. त्यांच्या भिंतींत कॅल्शियम खूप साचलं असेल, तर किडनीची धमनी जोडायला नेमकी मऊ जागा बोटांनी चाचपून शोधावी लागते आणि बहुतेक रोबोटांमधून तो स्पर्श सर्जनपर्यंत पोचत नाही. तसं निघालं तर वजन जास्त असूनही नेहमीची पद्धतच घ्या.