नेकबँड चालू होतो, पण फोनला सापडत नाही

प्रश्न : सूनबाईंनी मला वायरलेस नेकबँड भेट दिला आणि तो नीट चालतो की नाही हे आपल्याच फोनला जोडून पाहिले. आता मी तो चालू केला की कानात ‘कनेक्टेड’ असे शब्द ऐकू येतात, मात्र माझ्या अँड्रॉइड फोनच्या यादीत त्याचे नाव दिसत नाही. एकदा नाव दिसले, पण त्यावर बोट ठेवताच ‘पेअर करता आले नाही’ असा संदेश आला. दुकानदार म्हणतो, वस्तूत दोष नाही. मी काय करावे?
– एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बहुधा खरे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या पत्रातच आहे. आपला फोन जोडलेला नसताना नेकबँड ‘कनेक्टेड’ म्हणतो, याचा अर्थ तो दुसऱ्या कोणत्या तरी फोनला जोडला जात आहे. आणि घरातच, सुमारे दहा मीटरच्या टप्प्यात, सूनबाईंचा फोन ब्लूटूथ चालू ठेवून असेल, तर तो फोन हाच असणार.

पेअरिंग आणि कनेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेतले की पुढचे सगळे सोपे होते. पेअरिंग ही एकदाच करायची ओळख असते. त्या वेळी फोन आणि हेडसेट मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघेही आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. त्यानंतर हेडसेट चालू केला, की तो आधी आपल्या ओळखीचा फोन शोधतो आणि तो सापडल्यास परस्पर त्याच्याशी संपर्क साधतो. एकदा असा संपर्क झाला, की बहुतेक साधे हेडसेट इतरांना आपले नाव कळवणे थांबवतात. म्हणून आपल्या यादीत तो दिसत नाही.

तेव्हा प्रथम सूनबाईंच्या फोनचे ब्लूटूथ बंद करावे, किंवा त्यांना नेकबँड वापरायचाच नसेल, तर त्यांच्या ब्लूटूथ यादीतून तो ‘विसरा’ हा पर्याय निवडून काढून टाकावा. मग नेकबँड पूर्ण बंद करून त्याचे चालू-बंद करण्याचे बटण दाबावे आणि तो चालू झाल्यावरही बोट न उचलता काही सेकंद दाबूनच ठेवावे. इथे बहुतेकांची घाई होते : दिवा एकदा लागला की बोट उचलले जाते आणि हेडसेट केवळ चालू होतो, पेअरिंगसाठी खुला होत नाही. दिवा भराभर लुकलुकू लागला (पुष्कळ हेडसेटमध्ये लाल आणि निळा आळीपाळीने) किंवा कानात ‘पेअरिंग’ असा शब्द आला, की बोट सोडावे. काही नेकबँडमध्ये यासाठी वेगळे बटण असते, तर डबीतल्या इअरबड्समध्ये ते अनेकदा डबीवरच असते. सोबतच्या माहितीपत्रकात हे एका ओळीत दिलेले असते, म्हणून ते कागद टाकून देऊ नयेत.

यानंतर आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, नेकबँडचे अर्धवट जोडलेले जुने नाव असेल तर तेही पुसावे आणि मग ‘नवीन डिव्हाइस पेअर करा’ हा पर्याय निवडावा. जुनी नोंद दोन्हीकडून पुसणे महत्त्वाचे आहे, कारण एकाकडे किल्ली राहिली आणि दुसऱ्याकडची गेली, तर आपल्याला आला तसाच नकाराचा संदेश येऊ शकतो. फोनने आकडी संकेत मागितल्यास जुन्या पद्धतीच्या हेडसेटना बहुधा ०००० चालतो. २००७ मध्ये आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून पेअरिंगची पद्धत सोपी झाल्यामुळे नव्या हेडसेटना सहसा तो लागत नाही. मात्र हेडसेटला पडदा नसल्याने समोर कोण आहे याची खातरजमाही होत नाही, म्हणून हे काम बसस्थानकासारख्या गर्दीच्या ठिकाणी न करता घरीच करावे. जोडताना फोन आपल्या संपर्कयादीची परवानगी विचारेल. गाणी आणि कॉल यांसाठी ती आवश्यक नाही, त्यामुळे माझ्या मते ती नाकारावी.

जोडल्यावर एक अडचण हमखास विचारली जाते : गाणी कानात वाजतात, पण कॉलचा आवाज फोनमधूनच येतो. ब्लूटूथमध्ये संगीत आणि संभाषण यांची सोय वेगवेगळी असते. यादीतील हेडसेटच्या नावाशेजारचे चिन्ह दाबल्यास मीडिया आणि फोन कॉल यांची स्वतंत्र बटणे दिसतात. त्यांतील कॉलचे बटण चालू करावे. कॉलच्या वेळी आवाज गाण्यांपेक्षा सपाट वाटला, तर तो बिघाड समजू नये. बोलणे दोन्ही दिशांनी न्यायचे असल्याने तिथे आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच घेतले जातात. संगीतासाठी सहसा ४४,१०० घेतले जातात.

एवढे करूनही नाव न दिसल्यास नेकबँड पूर्ण चार्ज करून माहितीपत्रकानुसार मूळ स्थितीत आणावा आणि घरातील तिसऱ्या एखाद्या फोनवर तपासावा. तिथे तो जोडला गेला, तर आपल्या फोनमधील ब्लूटूथची सेटिंग्ज रीसेट करावीत. तिथेही तो सापडला नाही, तर मात्र पावती आणि वॉरंटीचे कागद घेऊन पुन्हा दुकानात जावे आणि आपण काय काय करून पाहिले, हे दुकानदाराला क्रमाने सांगावे.